ओल्ड, आणि मग रिटर्न

2024 च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या समा भागातल्या घरात शिरलं तेव्हा मी आणि आईने वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे तीन रात्री काढल्या. लाइट नाही, मोबाईलची बॅटरी जपून वापरायची, आणि जिन्यात जो कोणी भेटेल त्याला एकच विचारायचं, वरच्या आजवा सरोवराची लेव्हल किती झाली. काळ्या घोड्याच्या पुलापाशी 26 फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या वेळी पाणी 35 च्या वर गेलं होतं. हे आकडे बडोद्यात शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. 2019 मध्ये 31 जुलैला एका दिवसात वीसेक इंच पाऊस पडला होता तेव्हापासून तर आई पावसाळ्यात सकाळी उठल्यावर देवाला हात जोडायच्या आधी आजव्याचा आकडा विचारते.

पाणी ओसरल्यावर खाली आलो तर सगळीकडे तो करडा, गुळगुळीत, बोटभर जाडीचा गाळ. सेटीच्या आतल्या कप्प्यात मी इतकी वर्षं काय काय कोंबून ठेवलेलं होतं ते सगळं बाहेर काढून अगाशीत वाळत घातलं, जुन्या साड्या, लग्नाचा अल्बम, मार्कशीटा, पत्रं. शाईने लिहिलेलं सगळं गेलं. निळा ढग उरला फक्त, अक्षर नाही. आणि त्या सगळ्यात एक शंभर पानी वही, कव्हर गळून पडलेलं, पानं एकमेकांना चिकटलेली, ती मी सुरीच्या टोकाने एकेक सोडवायला घेतली तर आतलं अक्षर जसंच्या तसं. कारण ती वही पेन्सिलने लिहिलेली होती. पेन्सिलला पाण्याने काही होत नाही, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

पानांवर उभ्या रेघा मारलेल्या. चार रकाने. बांध, गाव, उरले, पेरणी. आणि खाली आकडे, आकडे, आकडे, मध्येमध्ये खोडरबराचे धब्बे, आणि एका ओळीपुढे माझ्याच हस्ताक्षरात, "सगळे मेले. परत."

आई बाजूला बसून पापड-कुरडयांचे डबे पुसत होती, तिने ते वाचलं आणि माझ्याकडे बघायला लागली. मला तिला पटकन सांगताच येईना हे काय आहे ते.

तर हे सांगायला 1988 मध्ये जावं लागतं. मी आठवीत. तेव्हा सरकारची क्लास नावाची योजना होती, 1984 मध्ये सुरू झालेली, देशभरातल्या सुरुवातीला 250 च्या आसपास शाळांना कॉम्प्युटर मिळाले होते आणि ते कॉम्प्युटर म्हणजे बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ब्रिटनच्या बीबीसीसाठी 1981 मध्ये केलेलं मशीन. इंग्लंडात ते शाळाशाळांत होतं आणि पुढे ते आपल्याकडे आलं. आमच्या शाळेच्या वाट्यालाही ते आलं होतं. कॉम्प्युटर रूममध्ये जाताना चपला बाहेर काढायच्या, पडदे ओढलेले असायचे, शाळेतला एकमेव एसी त्या खोलीत, त्यामुळे मे महिन्यात सगळ्यांनाच अचानक कॉम्प्युटरची आवड निर्माण व्हायची. आमच्या मॅडम आदल्या रात्री मॅन्युअलचं एक प्रकरण वाचून यायच्या आणि दुसऱ्या दिवशी तेच आम्हाला शिकवायच्या, आणि त्या हे आम्हाला सरळ सांगायच्या, की मलाही कालच कळलंय. मला आजही त्यांचं हे फार मोठं वाटतं.

बटण दाबलं की आधी एक जाडा आवाज, मग लगेच एक बारीक. बूऊ-बीप. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं, बीबीसी कॉम्प्युटर 32के, त्याखाली बेसिक, म्हणजे प्रोग्राम लिहायची त्या मशीनची भाषा, आणि मग ती एक बाणासारखी खूण आणि लुकलुकणारा कर्सर. बस. काय करायचं ते तुम्ही सांगा.

एका मशीनवर तिघी. मी दांडिया बाजारची, एक रावपुऱ्याची, एक मांजलपूरची. नावं नाही लिहीत, त्यांना विचारलेलं नाही, आणि तसंही आम्ही तेव्हा एकमेकींना नावाने नाही तर एरियावरूनच हाका मारायचो. मांजलपूर गुजराती, पण मराठी आमच्याइतकंच बोलायची, फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी "ने" लावायची. तिघींना मिळून आठवड्याला चाळीस मिनिटं.

मशीनबरोबर एक वेलकम नावाची कॅसेट आलेली होती, त्यात कॉम्प्युटर काय काय करू शकतो ते दाखवणारे छोटे छोटे प्रोग्राम होते आणि त्यातला एक गेम, किंग्डम. टाइप करायचं चेन, मग अवतरण चिन्हात किंग्डम, मग रिटर्नचं बटण. आतमध्ये रिले टक करून वाजायचा, टेपरेकॉर्डर फिरायला लागायचा आणि स्क्रीनवर नावापुढे एकेक आकडा वाढत जायचा, 00, 01, 02, नऊनंतर दहा नाही तर 0ए, 0बी. त्या "ए" ने आम्हाला पहिल्यांदा कळलं की मोजायच्या आणखीही पद्धती असतात. टेपवरून सेकंदाला फार तर शंभर-सव्वाशे अक्षरं आत जायची, त्यामुळे कितीतरी वेळ नुसतं बघत बसायचं. आणि मध्येच टेप अडखळली की "डेटा?" असा प्रश्न आणि त्याखाली टेप मागे घ्या. एवढ्यात चाळीसातली दहा मिनिटं संपलेली.

आता गेम. तीन गावं आहेत, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला डोंगर. डोंगरात चोर राहतात, ते येऊन गावातला तांदूळ पळवतात आणि माणसंही मारतात. नदीला पूर येतो, शेतं आणि गावं बुडतात, मधे एक उंच बांध आहे तो सांभाळावा लागतो. सगळे निर्णय तुमच्यावर. तुमच्या आधी ज्याच्यावर ही जबाबदारी होती त्याला त्या चोरांनीच मारलेलं असतं, हे गेम सुरुवातीलाच शांतपणे सांगून टाकतो. वर्षात तीन ऋतू, हिवाळा, वाढीचा आणि कापणीचा. प्रत्येक ऋतूत ठरवायचं, बांधावर किती माणसं, गावाच्या रक्षणाला किती. उरतील ती शेतात. आणि वाढीच्या ऋतूत आणखी एक प्रश्न, किती टोपल्या भात पेरायचा.

तिघी होतो आणि प्रश्न तीन होते, त्यामुळे वाटणी आपोआप झाली. बांध माझा, गाव मांजलपूरचं, पेरणी रावपुऱ्याची. वजाबाकी करून उरले किती ते वहीत लिहायचं कामही माझ्याचकडे, आणि आकडे सारखे बदलायचे म्हणून पेन्सिल. आम्ही इतक्या जोरात भांडायचो की मॅडम येऊन उभ्या राहायच्या. मांजलपूरला चोरांची भीती फार, ती माझी माणसं मागायची. आणि रावपुऱ्याची मुलगी शांत, ती शेवटी बोलायची, तुम्ही दोघी सगळी माणसं राखणीला लावताय तर शेतात कोण जाणार, मी पेरू कशाला? तिचं बरोबर असायचं. बहुतेक वेळा आम्ही पुराने मेलोच नाही, भुकेने मेलो.

बांधाला गेममध्ये डाइक असा शब्द होता आणि तो आम्हाला कुणालाच माहीत नव्हता. मॅडमनी डिक्शनरी आणून काढून दाखवला. त्या रविवारी बाबा आम्हाला आजव्याला घेऊन गेले होते, सयाजीरावांच्या काळात शहराला पाणी द्यायला बांधलेलं ते सरोवर, त्याची ती लांबच लांब मातीची पाळ, तिच्यावरून चालताना मी बाबांना म्हणाले, बाबा, हे डाइक आहे. बाबा म्हणाले, ही पाळ आहे. मग मी त्यांना विचारलं इथे किती माणसं लावतात. त्यांना वाटलं मला इंजिनियर व्हायचंय.

पुढे मी अकाउंट्सला गेले, कॉम्प्युटर म्हणजे टॅली आणि एक्सेल झाला, आणि ही सगळी गोष्ट त्या वहीसकट सेटीत गेली.

वही वाळल्यावर, घर जरा राहण्यासारखं झाल्यावर एका रात्री मी मोबाईलवर शोधलं. नाव नीट आठवत नव्हतं, म्हणून नुसतं टाकलं, बीबीसी मायक्रो, तांदूळ, चोर, बांध. आणि सापडला की! पूर्ण नाव यलो रिव्हर किंग्डम, साल 1981, लिहिणारे तिघे, टॉम हार्टली, जेरी टेम्पल-फ्राय आणि रिचर्ड वॉर्नर. तिघांनी मिळून लिहिलेला, हे वाचून मला उगीचच बरं वाटलं. बीबीसी मायक्रोचं नाव काढलं की लोक एलिटबद्दल बोलतात, अवकाशात व्यापार करायचा 1984 चा गेम, आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत 256 ग्रह त्या एवढ्याशा मेमरीत कसे बसवले वगैरे, आणि ते खरंच थोर काम आहे. पण किंग्डम कुणी पैसे देऊन विकत घेतला नव्हता. तो मशीनबरोबर फुकट आलेला. त्यात उड्या नाहीत, गोळ्या नाहीत, चित्रं म्हणाल तर रंगीत चौकोनी ठोकळे. असल्या गेमची आठवण कोण ठेवणार, तर ज्यांच्याकडे दुसरा गेम नव्हता ते.

मग एम्युलेटर, म्हणजे जुना गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम. मॅट गॉडबोल्ट नावाच्या माणसाने लिहिलेला जेएसबीब नावाचा एक आहे, तो ब्राउझरमध्येच चालतो, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. पान उघडलं, आणि बूऊ-बीप. मी खुर्चीत सरळ होऊन बसले. आतल्या खोलीतून आई म्हणाली काय वाजलं?

एम्युलेटर म्हणजे काय हे मला भाच्याने समजावलं आणि मग मी हट्टाने आणखी वाचत गेले, कारण मला आधी वाटायचं की जुना गेम नव्या कॉम्प्युटरसाठी कुणीतरी परत लिहिला असणार. तसं नाहीये. गेम तोच आहे, टेपवरच्या त्याच बाइट. परत लिहिलंय ते मशीन. बीबीसी मायक्रोच्या आत 6502 नावाचा प्रोसेसर होता, सेकंदाला वीस लाख ठोके, त्याच्याकडे हातात धरायला जागा म्हणाल तर ए, एक्स आणि वाय असे तीन कप्पे, प्रत्येकात 0 ते 255 एवढाच आकडा मावणार. एम्युलेटर त्या प्रोसेसरचं सोंग घेतो, हे सोंग इतकं पक्कं की कुठल्या आज्ञेला मूळ मशीनला किती ठोके लागायचे, दोन, की चार, की सात, तेही मोजून तेवढाच वेळ घेतो. आजचं मशीन हजारपट वेगाने पळू शकतं आणि तरी ते मुद्दाम थांबून, 1981 च्या चालीने चालतं. आमच्याकडे लग्नात आजीबरोबर चालताना नातू जसा पावलं आखूड टाकतो, तसं. स्क्रीनचंही तेच. किंग्डम ज्या मोडमध्ये चालायचा त्यात स्क्रीन म्हणजे आडवी 40 आणि उभी 25 अशी फक्त हजार अक्षरं, ब्रिटनमध्ये टीव्हीवर बातम्यांची पानं दिसायची त्या टेलिटेक्स्टचीच चिप, म्हणून अख्ख्या स्क्रीनला जेमतेम एक केबी मेमरी लागायची. त्या चिपचं गोलसर अक्षरही एम्युलेटर बरोब्बर तसंच काढतो. आणि वहीच्या पानाचा जो फोटो मी मोबाईलने काढला तो तीन-चार एमबीचा, म्हणजे त्या पूर्ण मशीनच्या मेमरीच्या शंभरपट. पान एक, आकडे पंचवीस.

एक गोष्ट मात्र वाचली आणि मी खरंच मोबाईल खाली ठेवला. एकॉर्न कंपनीने पुढे स्वतःचा प्रोसेसर करायचा ठरवला, त्याचं नाव आर्म. आज जवळपास प्रत्येक मोबाईलमध्ये, माझ्याही, आर्मच आहे. तर तो प्रोसेसर हातात यायच्या आधी तो कसा वागेल हे पाहायला सोफी विल्सन यांनी, बीबीसी बेसिकही त्यांनीच लिहिलेलं, आर्मचं एक सोंग आधी प्रोग्राम म्हणून लिहून पाहिलं. कशावर? बीबीसी मायक्रोवर, बीबीसी बेसिकमध्येच. मग 26 एप्रिल 1985 ला खरी चिप आली आणि पहिल्याच दिवशी चालली. म्हणजे तेव्हा बीबीसी मायक्रो आर्मचं सोंग घेत होता, आणि आता माझ्या हातातला आर्म बीबीसी मायक्रोचं सोंग घेतोय. आईने मला घास भरवताना जसं बाळाचं बोबडं बोलली असेल आणि आता मी तिला गोळ्या देताना तिच्यासारखं बोलते, हे तसंच काहीतरी आहे असं मला त्या रात्री वाटलं आणि अजूनही वाटतं.

गेम डिस्कवरून लोड केला तर क्षणात येतो. मी टेपवरून करते. टेपची पण फाइल असते, तिच्यात मधल्या मोकळ्या जागासुद्धा जपलेल्या असतात, आणि पळवायची सोय असली तरी मी पळवत नाही. आणि कीबोर्डचं सांगायचं राहिलं. बीबीसी मायक्रोवर अवतरण चिन्ह शिफ्ट-दोनवर होतं. सेटिंगमध्ये कीबोर्ड जुन्या जागांप्रमाणे ठेवला आणि लॅपटॉपवर मी चेन टाइप करून विचार न करता शिफ्ट-दोन दाबलं आणि अवतरण चिन्ह उमटलं. छत्तीस वर्षं मी त्या जागी दुसरंच चिन्ह दाबत आलेय, रोज, ऑफिसच्या प्रत्येक ईमेलमध्ये. बोटाला तरी आठवलं.

मग वाचत वाचत मागे गेले, की या गेमच्या मागे कोण आहे. तर 1981 च्याही आधी, 1973 मध्ये डेव्हिड आल यांनी बेसिकमधल्या गेमचं एक पुस्तक काढलं होतं, त्यात हमुराबी नावाचा गेम, राजा तुम्ही, धान्य किती पेरायचं आणि किती खायला द्यायचं ते ठरवा. तो मुळात डग डायमेंट यांनी 1968 मध्ये लिहिलेला. आणि त्याच्याही मागे 1964 मध्ये सुरू झालेला सुमेरियन गेम. तो कुणी लिहिला, तर मेबल अॅडिस नावाच्या एका शाळेच्या बाईंनी. न्यूयॉर्क राज्यात त्या चौथीला शिकवायच्या. आयबीएमबरोबरच्या एका प्रयोगात त्यांनी सहावीतल्या मुलांसाठी हे लिहिलं, लगाश नावाच्या प्राचीन शहराचा राजा होऊन धान्याचा हिशोब करायचा, प्रोग्रामिंग विल्यम मॅके यांनी केलं. मूळ कोड हरवलाय, छापील कागदांचे काही तुकडे तेवढे उरलेत. तो हरवला म्हणून एम्युलेटरही काही करू शकत नाही, मशीनचं सोंग घेता येतं पण नसलेला प्रोग्राम आणणार कुठून. पण बघा ना, एका बाईंनी आपल्या शाळेच्या अनुभवातून मुलांना विचारलेला प्रश्न, पेराल किती आणि खाल किती, तो फिरत फिरत, तांदूळ होऊन, नदी आणि बांध घेऊन बडोद्यात पोचला आणि आमच्या मॅडमनी आदल्या रात्री वाचून आम्हाला उघडून दिला. मला वाटतं मेबल बाईंना आमच्या मॅडम आवडल्या असत्या.

आता मुख्य गोष्ट, ब्रेकची.

त्या मशीनच्या कीबोर्डवर एक ब्रेक नावाचं बटण होतं आणि ते दाबायची सक्त मनाई होती. एकदा मांजलपूरच्या कोपराने ते दाबलं गेलं. चौथं वर्ष चालू होतं, इतकं पुढे आम्ही कधी गेलो नव्हतो. बीप, काळा स्क्रीन, कर्सर. सगळं गेलं. ती रडायला लागली. मॅडम आल्या, म्हणाल्या थांबा, मी परवाच वाचलंय, आणि त्यांनी टाइप केलं, ओल्ड, आणि रिटर्न. काहीच दिसलं नाही, नुसती बाणाची खूण परत आली. मग त्या म्हणाल्या आता लिस्ट टाइप करा. आणि स्क्रीनवर ओळीच ओळी वाहायला लागल्या, नंबर घातलेल्या, संपेचनात. तो गेम होता. आतून. आमचा डाव गेला होता पण गेम गेला नव्हता, आणि गेम हा कुणीतरी ओळीओळीने लिहिलेला असतो, आमच्या वहीसारखा, हे तेव्हा कळलं.

हे कसं होतं ते मी आत्ता वाचून समजून घेतलं. ब्रेक दाबल्यावर बेसिक प्रोग्राम पुसत नाही. मेमरीत प्रोग्राम जिथे सुरू होतो तिथल्या एका बाइटवर नुसती खूण करतं, की इथे संपलं. बाकी सगळं जिथल्या तिथे. ओल्ड ती खूण काढून टाकतं. अट एकच, मधल्या काळात तुम्ही नवीन काही लिहिलेलं नसावं, कारण नवीन ओळ त्याच जागेवर जाऊन बसते आणि मग खरोखर पुसलं जातं.

मी एम्युलेटरमध्ये हे पहिल्या रात्रीच करून पाहिलं. किंग्डम लोड केला, चालू केला, ब्रेक दाबलं, ओल्ड, रिटर्न, लिस्ट. ओळी वाहायला लागल्या. कुणी बाजूला रडत नव्हतं एवढाच फरक, पण तो लहान फरक नाही. एम्युलेटरने आवाज आणला, अक्षर आणलं, टेपची संथ गती आणली, शिफ्ट-दोन आणलं, माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या नाही आणल्या.

काही एम्युलेटरमध्ये मधली अवस्था साठवून ठेवायचीही सोय असते, म्हणजे पूर आला की मागे जायचं आणि बांधावर वीस माणसं वाढवायची. मी दोनदा केलं. तिसऱ्यांदा मुद्दाम बांधावर शून्य लावलं, नुसतं काय होतं ते बघायला. आणि गावप्रमुखाचा रिपोर्ट आला, भयंकर नुकसान. तो वाचताना मला आमची सोसायटी दिसली, खालच्या मजल्यावरच्या आजोबांना खुर्चीत बसवून चौघांनी वर चढवलं होतं ते दिसलं, आणि मी ते बंद केलं. मागे जाता येतं म्हटलं की आकडा हलका होतो. आम्ही तिघी भांडायचो कारण आकडा जड होता. तेव्हापासून ते बटण वापरत नाही.

मग एका रविवारी दुपारी आई येऊन बसली. ती 78 वर्षांची, कॉम्प्युटरला हात लावत नाही पण चष्मा लावून स्क्रीनसमोर बसली आणि मी वाचून मराठीत सांगत गेले. तिचा पहिला प्रश्न, नदी कुठून येते. मी म्हणाले चीनमधली आहे. ती म्हणाली तसं नाही, वर धरण आहे का, पाणी सोडतात का. मी म्हणाले गेममध्ये नाहीये. तिला ते पटलं नाही, म्हणाली मग आधी कळणार कसं? खरंच, गेममध्ये आजवा नाही. ऋतू उलटतो आणि पूर आलेला असतो किंवा नसतो. दुसरा प्रश्न, ही एवढी माणसं आहेत, सगळी कामाचीच का? म्हातारी नाहीत? लेकरं? बाळंतीण? यांना कुठल्या कप्प्यात टाकायचं? मी गप्प. इतक्या वर्षांत आम्हा तिघींना हा प्रश्न पडला नव्हता, बेसिकच्या त्या ओळींमध्येही याचं उत्तर नाही. त्या ऑगस्टमधल्या तीन रात्री आईने काकूंच्या स्वयंपाकघरात बसून अख्ख्या जिन्याची खिचडी शिजवली, कुणाच्या घरातून तांदूळ, कुणाकडून मुगाची डाळ, आणि कुणाला आधी वाढायचं याची यादी तिच्या डोक्यात होती. तान्ह्या बाळाची आई पहिली.

आई बांधावर माझ्यापेक्षा जास्त माणसं लावते. गावावर कमी. चोर आले तर काय नेतील, म्हणते, तांदूळच ना. मी तिला सांगितलं ते माणसंही मारतात, तेव्हा जरा विचार करून तिने आकडा वाढवला. आम्ही दोघी तिसऱ्या वर्षापर्यंत पोचलो. सहा वर्षं टिकलात तर गेम विचारतो, की जुन्या रिवाजाप्रमाणे हे ओझं खाली ठेवून साधं आयुष्य जगायची संधी तुम्हाला देतो, हवी का. आम्ही शाळेत तिथपर्यंत कधी गेलो नव्हतो. हे मी कुठेतरी वाचलं तेव्हा आईला सांगितलं तर म्हणाली, अशी संधी खरंच देतात होय?

वहीच्या शेवटच्या पानावर शेवटची ओळ अर्धी आहे. वाढीचा ऋतू, बांध 90, आणि पुढचे सगळे रकाने कोरे. घंटा झाली असणार. त्यानंतर परीक्षा, मग सुट्टी, नववीत आमच्या तुकड्या बदलल्या. मी त्या पानाचा फोटो काढून मांजलपूरला पाठवला. ती अजून मांजलपूरलाच आहे, दिवाळीला आणि वाढदिवसाला मेसेज करण्याएवढा संबंध. वर काही लिहिलं नाही, नुसता फोटो. दोन तास निळ्या खुणा. मग तिचा मेसेज आला, "गाव 70. ने कमी ना करती." म्हणजे कमी करू नकोस. आणि पाठोपाठ दुसरा, "पेरणी कोण सांगणार?"

रावपुऱ्याची कुठे आहे ते आम्हा दोघींनाही माहीत नाही. तिच्या घरी, मंगळबाजारच्या पुढच्या गल्लीत, मी मागच्या महिन्यात जाऊन आले, तिथे आता दुकानं आहेत, खाली विचारलं, कुणाला काही सांगता आलं नाही.

मांजलपूरला फोन लावून स्पीकरवर ठेवला. लॅपटॉप उघडला, टेप लोड होऊ दिली, ती तिकडून ऐकत होती, आणि अधूनमधून विचारायची, किती झालं, मी सांगायचे, 0ए, आणि ती हसायची. हिवाळा गेला. वाढीचा ऋतू आला. बांध 90 टाकलं, गाव 70 टाकलं, उरलेले शेतात गेले, आणि कर्सर तिसऱ्या प्रश्नावर येऊन थांबला, किती टोपल्या पेरायच्या. फोनवर ती गप्प आणि इकडे मी गप्प.

आई शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "कोठीत एकूण किती आहे ते आधी सांग. आणि खाणारी तोंडं किती?"

मी वही ओढली आणि पेन्सिल शोधायला लागले.